हळदीच्या वाटीत ठेवलेला कान

फोन चहाडखोर असतो, हे कौशल्याबाईंना कळलं ते गुडघ्यामुळं.

तलवाड्याच्या आपल्या घरात, भर दुपारी, ओसरीवर बसून त्या आपल्याशीच म्हणाल्या, "मेला उजवा गुडघा लई ठणकतोय." ऐकायला कोणी नव्हतं. म्हणजे मोहनराव गुरुजी होते, पण ते ऐकण्यात धरायचे नसतात. बाजूला फोन पालथा पडलेला होता, तेवढाच. संध्याकाळी कौशल्याबाईंनी फोन उताणा केला, तर आत एक गोरापान माणूस मांडी उघडी टाकून बसलेला आणि गुडघ्याला तेल चोळतोय. त्यांनी फोन परत पालथा घातला. थोड्या वेळानं पुन्हा उघडून खात्री केली. उजव्याच गुडघ्याला चोळत होता.

गुडघ्याचं एक वेळ जाऊ द्या. गुडघा काही झाकून ठेवायची गोष्ट नाही. पण त्यानंतर जे फुटायला लागलं, त्यानं कौशल्याबाईंची झोप गेली.

कौशल्याबाईंचं गावात एक स्थान होतं. कुणाच्या घरी सोयरीक आली की आधी माणूस गुपचूप मागच्या दारानं त्यांच्याकडं यायचा. "काकू, ते घर कसं हाय?" काकू अडकित्त्यानं सुपारी कातरत विचार करायच्या आणि एका वाक्यात निकाल द्यायच्या. "पोरगा बरा हाय, आई विंचू हाय." झालं. ते वाक्य विचारणारा पोटात घालून जायचा, आणि कुणी कुणाबद्दल विचारलं हे कौशल्याबाईंच्या पोटात राहायचं. "आमच्या घरातली गोष्ट उंबरा वलांडत न्हाई," हे त्या अशा थाटात सांगायच्या, की जणू उंबऱ्यालाच त्यांनी दम देऊन ठेवलाय.

आणि आता उंबरा गळायला लागला होता.

आधी फुटलं ते प्रयागबाईच्या पुरणपोळीचं. प्रयागबाई म्हणजे शेजारीण; मधली भिंत दोघींची. तिच्या पोळीबद्दल कौशल्याबाई घरात एवढंच म्हणाल्या होत्या, की ती चपलेला सोल म्हणून लावली तर परळीपर्यंत पायी जाऊन यावं. दुसऱ्या दिवशी नळावर प्रयागबाई घागर भरताना म्हणाली, "काकू, चप्पल लई झिजली दिसती तुमची. देऊ का एखादी पोळी?" आणि चार बायका नळ सोडून हसल्या. मग सरपंचाच्या सुनेचं फुटलं. मग मागच्या आळीत एका पोरीची सोयरीक ठरत आली होती, त्या पाव्हण्यांविषयी कौशल्याबाई म्हणाल्या होत्या की "जेवताना बाप ताटाकडं न्हाई, दुसऱ्याच्या ताटाकडं बघत होता." ते थेट पाव्हण्यांच्या कानी गेलं. सोयरीक मोडली. पोरीची आई दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता गेली. शिव्या दिल्या असत्या तर कौशल्याबाईंनी सव्याज परत केल्या असत्या. न बोलता गेली, तेव्हा त्यांनी अडकित्ता उघडला आणि सुपारी न कातरताच मिटला.

त्या दिवसापासून मागचं दार कुणी वाजवलं नाही.

हे सगळं त्या बोलल्या होत्या कुठं? घरात. कुणाशी? लेकीशी. राजनंदिनी परळीला दिलेली. जावई तिकडं वीज केंद्रात. लेकीनंच एका दिवाळीला शिकवून ठेवलं होतं, "आई, हे वैजनाथाचं शिखर दिसलं का? ही मी. हे दाबून धर आन बोल. तुजा आवाज मला येतो. मी सवडीनं ऐकती." तेव्हापासून रोज दुपारी भांडी झाली की कौशल्याबाई ओसरीवर बसत, शिखराचं चित्र शोधत आणि दिवसभराचा सगळा हिशेब मोकळा करत. गाव, गावातल्या बाया, गुरुजींचं पोट, आणि सून. सून रोज असायची. तोंडी लावायला लोणचं लागतं तशी.

चित्र शोधायचं कारण सरळ होतं. नाव वाचता येत नव्हतं. कौशल्याबाईंना सहीपुरतं येत होतं. आकडे येत होते. बाकी अक्षर म्हणजे काळे मुंगळे. आणि नवरा कोण, तर मोहनराव गुरुजी, ज्यांनी तलवाड्याच्या शाळेत दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली. गुरुजींच्या बायकोला वाचता येत नाही, असं गावात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि येऊ नये म्हणून कौशल्याबाई रोज सकाळी चष्मा लावून पेपर धरून बसत. फोटो सरळ आहे एवढं बघून घ्यायच्या. कुणी काही वाचायला दिलं की चष्मा आतल्या खोलीत राहिलेला असायचा.

लेक उत्तर द्यायची ते पिवळ्या तोंडांनी. आधी एखाददुसरं तोंड यायचं, जोडलेले हात यायचे. गेल्या महाशिवरात्रीपासून मात्र लेक भलतीच खुलली होती. कौशल्याबाईंनी काही सांगितलं, की खाली ओंजळभर पिवळी तोंडं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली. "पोरगी सुखात हाय," त्या गुरुजींना म्हणाल्या. "न्हाईतर एवढं हसायला काय झालंय?"

तर लेक सांगणार नाही, ती रक्ताची. गुरुजी सांगणार नाहीत, त्यांना आठवतच नाही. मुलगा परमेश्वर सकाळी गेवराईला बियाण्याच्या दुकानात जातो तो अंधारून येतो. मग राहिले दोघं. एक फोन, आणि एक दिपाली.

दिपाली म्हणजे सून. कौशल्याबाईंच्या मते तिच्यात एकच दोष होता आणि तो नखशिखांत होता. ती बोलायची नाही. काही म्हटलं की "बरं," नाही म्हटलं तरी "बरं." असल्या माणसाचा भरवसा काय? कौशल्याबाईंनी तिला चुलीसमोर उभं करून विचारलं, "खरं सांग. घरातलं भाईर कोण नेतं?"

दिपाली भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. ती काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाली, "मी न्हाई नेत, आत्याबाई."

"तू न्हाईस, मी न्हाई, मग भिंत चालत जाती का? ध्यानात ठेव, तुजं निघालं तर महालक्ष्म्या झाल्या की माहेरी पोचवीन. परत आनायला कोणी येनार न्हाई."

"बरं," दिपाली म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

निवाडा लागेपर्यंत दोन्ही संशयितांवर नजर ठेवायचं ठरलं. आणि फोनवर नजर कशी ठेवायची, यावर सल्ला द्यायला गावात माणसांची वाण नव्हती. अजिनाथ तात्या म्हणाले, फोन पिठाच्या डब्यात ठेवा, पिठातून आवाज जात नाही. ठेवला. रात्री परमेश्वरचा फोन आला तेव्हा पीठ थरथर कापायला लागलं आणि गुरुजी उठून देवाला दिवा लावायला निघाले. प्रयागबाई तर भिंतीवरून मुद्दाम सांगायला आली. चेहरा असा गंभीर, की मयतीला आल्यासारखा.

"काकू, फोनच ऐकतो. दुसरं कोण ऐकनार? तुमी आपलं बोलत ऱ्हावा. बोलनं बंद करू नका. आपन कावून भ्यायचं?"

"मी कुणाच्या बापाला भीत न्हाई."

"तेच म्हनते मी. रोजच्यासारखं बोलत ऱ्हावा." आणि पदर तोंडात धरून ती लगबगीनं घरात पळाली. कौशल्याबाईंना वाटलं, बाईला गहिवर आला.

फोनच्या डोळ्याचा बंदोबस्त त्यांनी स्वतःच्या अकलेनं केला. पुढच्या डोळ्यावर एक टिकली, मागच्या डोळ्यांवर तीन टिकल्या. दिपालीच्या फोनलाही लावल्या. गुरुजी म्हणाले, "सवाष्ण केलीस की फोनाला." पण डोळा झाकला तरी कान उरतोच. आणि कान कुठं असतो हेच कळत नव्हतं. माणसाचा कान दिसतो, तो पिळता येतो. हा मेला अंगभर कान घेऊन गुळगुळीत बसलेला. कुठं खाच नाही, स्क्रू नाही, झाकण नाही. कौशल्याबाईंच्या घरातली एक वस्तू अशी नव्हती जी सुटी होत नाही. कुकरची शिट्टी निघते, रबर निघतं. शिलाई मशीनची बाबीण निघते. गुरुजींचे दातसुद्धा निघतात. जे उघडत नाही त्यात काहीतरी लपवलेलं असतं, हा त्यांचा जन्माचा अनुभव.

सेतू केंद्रवाल्या सोमनाथनं त्यांची ही व्यथा ऐकून एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणी माणूस फोन हातात घेऊन त्याचं मटार सोलल्यासारखं एकेक काढून टेबलावर मांडत होता. हा डोळा, हा कान, ही बॅटरी. पुन्हा टकटक बसवलं की फोन चालू. कौशल्याबाईंनी तो व्हिडिओ परत परत बघितला. तरुणपणी पैठणी बघितली होती तशा नजरेनं.

"ह्याला म्हनतेत वस्तू. पाहिजे तवा कान लावा, नको तवा काढून ठिवा. कुठं भेटतो?"

"आपल्याकडं न्हाई भेटत, काकू. तिकडंच."

"म्हंजे तिकडच्या बायांना अब्रू हाय, आन आमी उघड्यावर?"

दुसऱ्या दिवशी त्या बसस्टँडजवळच्या अशफाकच्या दुकानात गेल्या. अशफाक मोबाइल दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो कुणाच्या तरी फोनचं पोट फाडून बसला होता.

"अशफाक, ह्याचा कान काढून दे."

"कशाचा, मावशी?"

"फोनचा. डोळाबी काढ. तोंड ऱ्हाऊ दे. त्यानं बोलावं, पर ऐकू नये."

बरोबर आलेले गुरुजी म्हणाले, "बोलतं, पण ऐकत न्हाई, असं एक घरात हाय की. दुसरं कशाला?"

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडं फक्त बघितलं. गुरुजी बाहेर जाऊन एसटीचं वेळापत्रक वाचायला लागले.

अशफाकनं पुष्कळ समजावलं. "मावशी, जाहिरातीचं कुनी काय सांगावं? कंपन्या काय करतेत, अल्ला जाने. पर प्रयागबाईची पोळी ऐकून त्यांना काय फायदा? त्यांना पोळ्या विकायच्या हायत का?" प्रश्न बिनतोड होता, म्हणून कौशल्याबाईंनी तो ऐकला नाही. शेवटी त्यानं कपाळावर हात मारला आणि जुन्या मालातून एक फोन काढला, पाठ उघडणारा, बॅटरी निघणारा. त्याच्या आतला कान त्यानं खरवडून काढला, डोळ्यांच्या तारा सोडवल्या. आणि वेगळी बोटभर तार करून दिली. एका टोकाला खुपसायची पिन, दुसऱ्या टोकाला मसुराच्या डाळीएवढा कान. "ही तार खुपसली की ऐकू येनार. काढली की ठार बहिरा."

कौशल्याबाई घरी आल्या त्या लढाई जिंकून. लग्नातल्या आहेरातला पितळी मसाल्याचा डबा त्यांनी घासून पुसून लख्ख केला आणि फोनचा संसार त्यात मांडला. मोहरीच्या वाटीत बॅटरी, जिऱ्याच्या वाटीत सिमकार्ड, मेथीच्या वाटीत कान. पाठीचं झाकण वरच्या ताटलीखाली. असा फोन तालुक्यात कुणाकडं नव्हता, आणि तो वापरता येत नव्हता ही गोष्ट त्यांनी बारीकसारीक म्हणून सोडून दिली.

बारीकसारीक गोष्ट बँकेत मोठी झाली. गुरुजींच्या पेन्शनच्या खात्याची कसली तरी खातरजमा करायची होती आणि त्यासाठी नंबर दिलेला कौशल्याबाईंचा. दोघं गेवराईला गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, फोनवर आकडे येतील, सांगा." फोन पिशवीत होता, बॅटरी मोहरीच्या वाटीत होती. परत तलवाडा. पुढच्या खेपेला बॅटरी आणली, तर सिमकार्ड जिऱ्यात राहिलं. गुरुजी उन्हात बसून म्हणाले, "मी जिवंत हाय, समोर हाय. मलाच इचारा की." मुलगी म्हणाली, "तुम्हाला विचारून चालत नाही आजोबा, फोनला विचारावं लागतं."

तिसऱ्या खेपेला सगळे अवयव हजर होते. फोन टुणकन वाजला. "वाचा आजी." कौशल्याबाईंचा चष्मा अर्थातच घरी राहिला होता. "तूच वाच बाई," म्हणून त्यांनी फोन पुढं केला, तर मुलीनं हात मागं घेतले. "नाही नाही, आकडे कुणाला दाखवायचे नसतात. चोरी होते. तुम्हीच वाचा." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गुप्ततेचं महत्त्व त्यांच्या तोडीनं जाणत होतं, आणि नेमकं नको तिथं. आकडे त्यांना येत होते. पण पडद्यावर तीन निरोप होते आणि तिन्हींत आकडे. त्यांनी त्यातल्या त्यात ठसठशीत आकडे बघून खणखणीत आवाजात वाचले. मुलगी म्हणाली, "चूक." पुन्हा वाचले. "चूक." खातं त्या दिवसापुरतं बंद झालं. मागाहून कळलं, ते गुडघ्याच्या तेलावरच्या सवलतीचे आकडे होते.

पुढच्या वेळी गुरुजींनी चष्म्याचं नाव न काढता स्वतःच आकडे वाचले आणि काम झालं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना माहीत होतं का? लग्नाला इतकी वर्षं झाली; माहीत असणारच. पण त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि यात त्यांचा मोठेपणा होता की आळस, हे कौशल्याबाईंनी कधी ठरवू दिलं नाही, स्वतःलासुद्धा.

एवढे हाल सोसले, पण गुण आला. नव्या फोनात सोमनाथनं सगळी चित्रं होती तशी आणून दिली होती, पण श्रावणभर कौशल्याबाईंनी दुपारचं बोलणं बंद ठेवलं. कान वाटीत. आणि काय आश्चर्य, गावात एक गोष्ट फुटली नाही! मधे एकदा गुरुजींनी चोरून कान लावून कुण्या जुन्या हेडमास्तराशी गप्पा मारल्या, तेव्हा कौशल्याबाईंनी कानाची जागा बदलली. स्वयंपाकघरातल्या रोजच्या डब्यात, हळदीच्या वाटीत खोल पुरून ठेवला. तिथं पुरुषाचा हात जात नाही. दिपाली फोडणी टाकताना कान बोटानं बाजूला सारायची आणि हळद घ्यायची. काही बोलायची नाही.

महालक्ष्म्या बसल्या. दोघी मुखवटे लावून, नव्या लुगड्यांत, ओटीत धान्य घेऊन उभ्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. कौशल्याबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून सगळं दिपालीनं एकटीनं रांधलं, पहाटेपासून उभी राहून. कौशल्याबाईंनी पहिली पोळी मोडून तोंडात टाकली. पोळी जिभेवर ठेवली आणि नुसती विरली. त्या म्हणाल्या, "जायफळ जास्त झालंय."

"बरं," दिपाली म्हणाली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला झाडून सगळ्या बायका आल्या. इतक्या दिवसांनी घर भरलं, तेव्हा कौशल्याबाईंनी ठरवलं, आज उंबऱ्याची अब्रू परत मिळवायची. त्या आतून फोन घेऊन आल्या. हळदीतून कान काढून दोन बोटांत धरला.

"बघा बायांनो. हा चोर. मी लेकीशी घरात बोलायचे, आन हा गावभर सांगायचा. सावनात ह्याला उपटला. सांगा बरं, फुटली का एक तरी गोष्ट?"

बायका महालक्ष्म्यांकडं बघायला लागल्या. कुणाच्या बांगड्या वाजल्या. कोपऱ्यात कुणीतरी खोकल्यात हसू मिसळलं.

"न्हाई फुटली, काकू," प्रयागबाई म्हणाली. "लई सुनं सुनं गेलं बघा सावन."

एवढ्यावर थांबलं असतं. पण दिपालीनं प्रसादाची पोळी प्रयागबाईच्या हातावर ठेवली, आणि कौशल्याबाईंची जीभ दाव्यातून सुटलेल्या वासरासारखी धावली. "खा प्रयाग. पोळी अशी असती. शिकून घे. तुला ह्या जन्मी जमायची न्हाई म्हना."

प्रयागबाईनं पोळी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कमरेच्या बटव्यातून तिनं फोन काढला. "बास झालं काकू. म्हातारं मानूस म्हनून मजेत घेत होतो. फोन काय ऐकतो ते ऐका आता."

आणि महालक्ष्म्यांसमोर कौशल्याबाईंचा आवाज घुमला. चपलेचा सोल. सरपंचाची सून. दुसऱ्याच्या ताटाकडं बघणारा व्याही. प्रयागबाई एकेक दाबत गेली. "आन आमची दिपाली. भाकर करती का खापर? बापानं शिकवलं न्हाई, आईला येत न्हाई. तोंड असं करून बसती की जनू आमी तिला पळवून आनलंय." दिपाली दारात ताम्हन धरून उभी होती. ताम्हन हललं नाही.

"हे... हे तुझ्याकडं कसं आलं?"

"तुमीच धाडलं. लेकीला न्हाई, गटावर. शिवरात्रीला आपन गटाच्या बाया जीप करून परळीला गेलतो का न्हाई? तवापासून गटाला वैजनाथाचं शिखर लावलंय. तुमची लेक तर तिच्या पोराचा फोटू लावून बसली कवाची. तुमी रोज दुपारी गटावर बोलता. आमी मालिका सोडून ऐकतो. हसायला आमी येगळा गट केलाय." मग क्षणभर थांबून ती म्हणाली, आणि हे ती मुद्दाम म्हणाली की तिच्या तोंडून गेलं, देव जाणे, "वर एवढ्या ठळक अक्षरात लिवलंय की काकू, 'तलवाडा महिला बचत गट.' वाचलं न्हाई का कधी?"

चष्मा कौशल्याबाईंच्या नाकावरच होता. आज कुठं राहिला म्हणावं, तेवढीही सोय नव्हती.

बायकांनी पटापट कुंकू लावून घेतलं आणि गेल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुजी हळूच म्हणाले, "अगं, सांगितलं असतंस तर शिकवलं असतं."

"गावाची पोरं बडवून शिकवलीत. घरात एक फळा आनला असता. मी काय आडवी आल्ते?"

गुरुजी महालक्ष्म्यांपुढची समई सारखी करायला लागले. त्यांना यावर बोलण्यासारखं काही असतं, तर ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच बोलले असते.

कौशल्याबाईंनी गुरुजींकरवी लेकीला फोन लावून घेतला. कान खुपसलेला होता. वर हळदीचा थर, तरी चालला, जरा घोगरा.

"राजनंदिनी, मी शिवरात्रीपसून तुला रोज सांगत होते. ऐकलंस का?"

"ऐकलं की आई. समदं ऐकते. वेळ भेटला की."

"काय ऐकलंस?"

पलीकडं मिक्सर थांबला. "तेच की. गुडघ्याचं."

महिनोन्‌महिने आईचा आवाज आला नाही, आणि लेकीच्या ते लक्षातच आलं नव्हतं. उलट जरा बरं वाटलं असेल. कौशल्याबाईंनी तार उपटली, स्वयंपाकघरात गेल्या आणि कान हळदीत खुपसला, चांगला तळापर्यंत, एखाद्याचं तोंड दाबावं तसा. वाटी काठोकाठ भरलेली होती. चार थेंब पाणीही हाताचं पडलं. पडू दे.

सकाळी दिपाली परसात देवाची भांडी घासत होती. कौशल्याबाई पायरीवर बसल्या.

"तूबी गटात हायस?"

"हाय की."

"म्हंजे शिवरात्रीपसून समदं..."

"समदं."

"आन चुलीपुढं इचारलं तवा बोलली कावून न्हाईस? माहेरी धाडीन म्हनलं, तरी?"

दिपालीनं तांब्या उपडा घातला. वर न बघता म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी बंद केलं असतं, आत्याबाई. मला ऐकायचं होतं."

"काय ऐकायचं होतं? शिव्या?"

"न्हाई. रोज वाटायचं, आज तरी एखादा शबूद बरा निघंल." तिनं तांब्या उचलला, पाणी निथळवलं. "मग सावनात आवाजच बंद झाला. मग कळायचा मार्गच न्हाई ऱ्हायला."

आणि ती भांडी घेऊन आत गेली. तिच्या बोलण्यात ना रडणं होतं ना राग.

दुपार झाली. रोजच्या वेळेला कौशल्याबाई ओसरीवर येऊन बसल्या. पितळी डब्यातून बॅटरी काढली, बसवली. सिमकार्ड बसवलं. स्वयंपाकघरात जाऊन, दिपाली पाठमोरी असताना, हळदीतून कान उकरून आणला, फुंकला, पदराला पुसला, खुपसला. आज चित्र शोधावं लागलं नाही. वैजनाथाचं शिखर. या खेपेला ते कुणाचं, हे पुरतं माहीत असताना त्यांनी अंगठा दाबून धरला.

वाईट बोलताना त्यांचा आवाज तीन घरं ओलांडायचा. आज तो आपसूक खाली गेला. आत मोरीत नळ वाहत होता. त्या फोनजवळ तोंड नेऊन पुटपुटल्या, "महालक्ष्म्यांचा समदा सैपाक आमच्या दिपालीनं एकटीनं केला. जायफळ बेतात होतं. पोळी... पोळी माझ्यापेक्षा बरी झाल्ती."

अंगठा उचलला. घाम पुसला. गुरुजींशी लग्न लागलं तेव्हासुद्धा छाती अशी धडधडली नव्हती.

आत दिपालीचा फोन वाजला. नळ बंद झाला. मग फोन कौशल्याबाईंच्या हातात टुणटुण करत राहिला. एक निरोप, दुसरा, चौथा. पिवळं तोंड एकही नव्हतं. सगळे मुंगळे.

दिपाली हात पुसत दारात आली.

"काय म्हनतेत गं बाया?" कौशल्याबाईंनी फोन तिच्यापुढं धरला. चष्म्याचं नाव काढलं नाही.

दिपालीनं वाचलं. "ऐकू आलं न्हाई म्हनतेत. नुसती खरखर आली. प्रयागकाकू म्हनतेत, परत सांगा." तिनं तारेच्या टोकाचा कान नखानं खरवडला. हळदीचा ओला गोळा आत घट्ट बसला होता. मग तिनं सासूकडं बघितलं. सरळ, आणि बराच वेळ. "मलाबी न्हाई ऐकू आलं, आत्याबाई. काय म्हनला होता तुमी?"

दोघींच्या मधे हातभराचं अंतर होतं. ना फोन लागत होता, ना अक्षर. कौशल्याबाईंनी तोंड उघडलं. शब्द आले होते. जिभेच्या शेंड्यावर, कालच्या पोळीसारखे. दिपाली वाट बघत उभी होती.

"काय न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "हळद संपत आलीय म्हनलं."

दिपाली आत गेली. मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. वाटी काठोकाठ भरलेली होती. तिनं झाकण परत लावलं.

"बरं," ती आतून म्हणाली.